सरकारी अनुदान नेमकं कुणाच्या खात्यात पडतंय? (सांगली जिल्हा)

जतचा_गडी:
आमच्या भावकीतलं एक घर कधीच पुण्याला गेलंय, जत्रेपुरतं गावात तोंड दाखवतात. रान कसतोय वाटेकरी, निम्म्यानं. पण केंद्राच्या पीएम किसानचे ६००० अन् राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६००० असे वर्षाला १२००० पडतात मालकाला, कारण सातबारा त्यांचा. वाटेकऱ्याला काय? खताची गोणी उचलायची तेवढी. ह्याला शेतकरी सन्मान म्हणायचं का?

वाळव्याचा_ऊसवाला:
अर्धवट माहितीवर धागे काढू नका राव. इन्कम टॅक्स भरणारा पीएम किसानला बसतच नाही, पुण्यात नोकरी म्हणजे बाद.

जतचा_गडी:
सातबारा म्हातारीच्या नावावर हाय, ती कुठं टॅक्स भरती. सगळं नियमात बसतंय वो, तेच तर दुखणं हाय.

वाळव्याचा_ऊसवाला:
बरं मग नियम बदला, मालकाला शिव्या कशाला? आणि आम्हा बागायतदारांनीच सगळं ओरपलं हे तर बोलूच नका. युरियाची गोणी दोन एकरवाल्याला २६६ ला तशी मलाबी २६६ लाच. ठिबकला अल्पभूधारकाला ८० टक्के, आम्हाला ७५. टेंभू, म्हैसाळ, ताकारी ह्या पाणी उपसा योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतंय, ते दुष्काळी भागासाठीच ना?

तासगावकर_द्राक्षवाला:
गोणीला दर सारखा, पण गोण्या किती घेता ते सांगा की 😀 दहा एकर ऊस असला की सबसिडीबी दहा एकराची झाली. वीज तशीच, २०२४ पासनं साडेसात एचपीपर्यंत मोफत, पण ज्याच्याकडं मोटरच नाही त्यानं काय करायचं? आणि म्हैसाळचं पाणी एवढ्या खर्चानं वर चढवायचं अन् त्याच्यावर परत ऊसच लावायचा, हे आपल्याच जिल्ह्यात चालतं.

ठिबक_फिटर:
८० टक्के ऐकायला गोड लागतंय. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती, मग सामान घ्यायचं स्वतःच्या पैशानं, बिल अपलोड, मोका तपासणी (रानात येऊन बघणं), आणि त्यानंतर कधीतरी खात्यावर. तोवर रक्कम अडकून पडते. मी फिटिंग करतो म्हणून बघतोय, एक एकरवाले पूर्वसंमती हातात असून सोडून देतात, दुकानदार उधार देत नाही आणि सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर. ज्याच्या गाठीला पैसा त्यालाच अनुदान.

आटपाडीची_सून:
आमचे यजमान गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळला. डाळिंबाच्या फवारण्या, मजूर, छाटणी सगळं मी बघते, पण जमीन सासऱ्यांच्या नावावर त्यामुळे फार्मर आयडी त्यांचा आणि मेसेजबी त्यांच्याच मोबाईलवर. लक्ष्मी मुक्ती योजनेतनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं म्हटलं तर आधी जमीन नवऱ्याच्या नावावर पाहिजे, ती अजून झालीच नाही. वाटेकऱ्याचं बोलताय तर बायकांचंबी बोला.

वाळव्याचा_ऊसवाला:
वहिनी तुमचं खरंय. पण वाटेकऱ्याचं तसं नाही. मी कागद का करून देत नाही ते स्पष्ट सांगतो, १९४८ चा कूळ कायदा, कसणाऱ्या कुळाला जमिनीवर हक्क देणारा. आमच्या आज्याचं रान असंच गेलं. आज कागद दिला अन् उद्या त्यानं कूळ म्हणून दावा लावला तर? पीकविम्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात, कोण मालक करून देणार?

जतचा_गडी:
म्हणजे भीती तुमची अन् भुर्दंड त्याला. अवकाळीनं पीक झोपलं की पंचनामा तुमच्या नावानं, पैसे तुमच्या खात्यात, अन् बियाणाची उधारी फेडायची त्यानं.

वाळव्याचा_ऊसवाला:
नुकसानीचे आले की आम्ही निम्मे देतो त्याला, विचारा गावात.

तासगावकर_द्राक्षवाला:
तुम्ही देत असाल. आमच्याकडं मागायला गेलेला वाटेकरी पुढच्या साली दुसऱ्याच्या रानात दिसतो. कूळ लागणार नाही अशी हमी देऊन एक वर्षाचा साधा करार सरकारनं मान्य करावा, मग बघू किती मालक सही करतात.

ठिबक_फिटर:
सही करतील, पण खंड (रानाचं भाडं) वाढवून 🙏

आटपाडीची_सून:
फिटर दादा, पूर्वसंमती आल्यावर सामान किती दिवसांत घ्यावं लागतं? आमची आलीय, सासरे गावाला गेलेत आणि ओटीपी त्यांच्याच फोनवर येतोय.