टॉगल टाकला की सिंगल कॉइल मिळतो, हे कुणी ठरवलं?

पट्टी_पेडल

पेडल स्टीलच्या (पायांवर आडवी उभी, पेडल आणि गुडघ्याच्या लिव्हरने सूर बदलणाऱ्या गिटारच्या) पिकअपवरच्या चर्चेत काल एका सदस्याने लिहिलं : "पेडल स्टीलला चार वायरींचा हंबकर बसवा, एक टॉगल टाका, सिंगल कॉइल आपोआप मिळतो. दोन पिकअप बाळगणं म्हणजे पैशाची नासाडी." खाली सहमतीची रांग लागली. दोन ओळींत उत्तर मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

हंबकर म्हणजे घरघर कापायला दोन कॉइल जोडलेला पिकअप. टॉगलने त्याची एक कॉइल ग्राउंड होते, उरते ती अर्धी. पेडल स्टीलच्या सिंगल कॉइलची बांधणीच वेगळी : एकच कॉइल, वेढे खच्चून भरलेले, मीटरवर १७ ते २० के (हजार ओहम रोध). नऊ के चा हंबकर फोडला, म्हणजे स्प्लिट केला, तर हातात साडेचार के राहतो. आवाज पडतो, खालचा भरणा जातो, घरघर मात्र पूर्ण परत येते. सिंगल कॉइलचा तोटा तेवढा पदरात पडला, त्याचा आवाज नाही. ई नाइन ट्यूनिंगच्या तिसऱ्या तारेवर हे लगेच कळतं. पिकचं टोक ऐकू येतं, त्यामागे सूर उभा राहत नाही.

डाखकाम

निष्कर्ष मान्य, कारण अजिबात मान्य नाही. के मोजणं कधी थांबणार? मीटर रोध दाखवतो, वेढे दाखवत नाही. ४४ गेजची वायर तेवढ्याच लांबीला ४२ गेजच्या साधारण १.६ पट रोध देते. ४२ ची ११ के ची कॉइल आणि ४४ ची साडेसतरा के ची कॉइल, दोन्हींत वायर जवळपास सारख्याच लांबीची असते. तरी "साडेसतरा के" हा मंत्र चालूच.

बघायचं इंडक्टन्सकडे (बदलत्या प्रवाहाला कॉइल करते त्या विरोधाकडे). दोन कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या असताना इंडक्टन्स ४ धरा. स्प्लिट केल्यावर २, पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी जोडल्यावर) १. केबलची कपॅसिटन्स तीच राहते, म्हणून रेझोनन्सचं शिखर (पिकअप सर्वांत जोरात बोलतो ती फ्रिक्वेन्सी) स्प्लिटमध्ये सुमारे १.४ पट वर सरकतं आणि पॅरललमध्ये दुप्पट. पातळपणा येतो तो इथून. चमक हवी असेल तर पॅरलल करा, त्यात घरघर तरी येत नाही.

दहावी_तार

दोघेही वायरीतच अडकलात. हंबकरचा खरा दोष वरच्या फ्रेटवर दिसतो. बार (तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) १५ व्या फ्रेटच्या पुढे गेला की कंप पावणारी तार आखूड होते, दोन कॉइल मिळून तिचा फार मोठा हिस्सा व्यापतात आणि वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) एकमेकांना खातात. म्हणून वर गेलं की हंबकर बोथट होतो. सहा तारांच्या साध्या गिटारवाल्यांना हे जाणवत नाही, कारण ते १५ च्या वर फारसे राहत नाहीत.

डाखकाम

हे चूक आहे, आणि वर्षानुवर्षं असंच पुढे ढकललं जातंय. कागदावर मांडून बघा. स्केल २४ इंच, म्हणजे ६१० मिमी. दोन कॉइलच्या मध्यांतलं अंतर १९ मिमी धरा. दोन कॉइल एखादा हार्मोनिक खातात तो त्याची अर्धी तरंगलांबी १९ मिमी झाल्यावर. मोकळ्या तारेवर तो ३२ वा हार्मोनिक. बार १२ वर नेला की १६ वा. पण तेव्हा मूळ सूरही दुप्पट झालेला असतो! म्हणजे खाल्ली जाणारी फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही. ती तारेवर ठरते, बारच्या जागेवर नाही.

ई नाइनची तिसरी तार, जी शार्प, ४१५ हर्ट्झ : खाल्लेल्या फ्रिक्वेन्सीचा खड्डा १३ किलोहर्ट्झच्या वर. स्टीलच्या १५ इंची स्पीकरमधून तिथलं काही बाहेरच येत नाही. वर आवाज गोल होतो तो आखूड तारेवर पिकअप तुलनेने तारेच्या आत सरकल्यामुळे आणि मूळ सूर जास्त उचलला गेल्यामुळे. सिंगल कॉइलवरही तेच होतं.

दहावी_तार

हिशोब तपासला, बरोबर आहे. वरच्या फ्रेटचा मुद्दा मागे घेतो. पण तुमचाच हिशोब खालच्या तारांना लावा. ई नाइनच्या दहाव्या तारेला, १२३ हर्ट्झच्या बी ला, खड्डा ४ किलोहर्ट्झवर पडतो. सी सिक्स या दुसऱ्या ट्यूनिंगच्या दहाव्या तारेला, ६५ हर्ट्झच्या सी ला, २.१ वर. ते स्पीकरमधून अगदी स्वच्छ ऐकू येतं! सी सिक्सच्या खालच्या तारा सिरीज हंबकरवर गोधडीखाली झाकल्यासारख्या वाटतात त्याचं हे कारण. एक कॉइल बंद केली की तो खड्डा जातो. म्हणजे धागाकर्त्यांना नको असलेला स्प्लिट सी सिक्सवर उपयोगाचा आहे.

गुडघा_लिव्हर

ही सगळी तुलना कुठल्या पेडलमधून चालली आहे? व्हॉल्यूम पेडलबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पेडल स्टीलवर पाय कधी टोकाला नसतोच. अर्ध्यावर सुरुवात करायची आणि सूर विझू लागला की भरत जायचं. पेडलमधला पॅसिव्ह ५०० के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रोध) मध्यावर आला की पुढच्या केबलला दिसणारा रोध १२५ के पर्यंत चढतो. पुढे ६ मीटर केबल, मीटरला १०० पिकोफॅरड धरा, झाले ६०० पिकोफॅरड. २.१ किलोहर्ट्झपासून वरचं सगळं गळायला लागतं. एवढा ट्रेबल वाहून गेल्यावर सिंगल आणि हंबकरची तुलना कसली करताय? आधी पेडलच्या अलीकडे, पिकअपच्या बाजूला, बफर (पुढच्या जोडणीचा भार अलग ठेवणारं छोटं सर्किट) लावा, मग पिकअपला नावं ठेवा.

डाखकाम

पेडलच्या अलीकडचा बफर ही गळती थांबवत नाही. १२५ के पॉटचेच आहेत आणि पॉट बफरच्या पुढे आहे. अलीकडच्या बफरने पिकअपवरचा भार जातो, एवढंच. ५०० के चा पॉट आणि ॲम्पच्या इनपुटचा १ मेग (१००० के) समांतर मिळून ३३३ के होतात, ते पिकअपला दिसेनासे होतात. गळती थांबवायची तर बफर पेडलच्या पलीकडे हवा, किंवा अलीकडे बफर आणि पेडलमध्ये ५० के चा पॉट. मग १२५ च्या जागी १२.५ के, आणि तीच केबल त्रास देत नाही. बफर नसताना मात्र ५० के चा पॉट बसवू नका, पिकअपचा गळाच दाबला जाईल.

पट्टी_पेडल

आणि बफर लावल्यावर सिंगल कॉइल किंचाळतो त्याचं काय? केबलची कपॅसिटन्स हा त्या आवाजाचाच भाग आहे. ती काढलीत की शिखर वर पळतं.

गुडघा_लिव्हर

मग पिकअपला समांतर ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा, बफरच्या आधी. साधारण पावणेपाच मीटर केबलची भरपाई होते. किंचाळतो म्हणून बफरच नको, हे कारण होऊ शकत नाही. आणि डाखकाम, पलीकडच्या बफरचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. लिहिताना माझी बाजू उलटी झाली.

पट्टी_पेडल

धागा पिकअपचा आहे आणि निम्मे प्रतिसाद पेडलचे! मूळ प्रश्नावर या. स्प्लिट केल्यावर येणाऱ्या घरघरीचं उत्तर कुणाकडे आहे? "तांब्याची पट्टी चिकटवा" हा सल्ला कृपया देऊ नका, त्याने लोकांच्या संध्याकाळी वाया जातात.

दहावी_तार

आवाज वाढवायची गरज नाही, उत्तर आहे. आधी घरघर कुठली ते ओळखा. बार तारांवर टेकवला की कमी होत असेल तर ती ग्राउंडिंगची किंवा शील्डिंगची, तिथे तांब्याची पट्टी काम करते. वाद्य फिरवल्यावर कमी-जास्त होत असेल तर ती चुंबकीय, ट्रान्सफॉर्मरची किंवा डिमरची, तिला पट्टी अडवत नाही. ॲम्प दोनेक मीटर लांब न्या आणि वाद्याचा कोन बदला. पाय जमिनीवर रोवलेलं वाद्य गिटारसारखं वळवता येत नाही, हे मान्य.

दुसरा मार्ग पूर्ण स्प्लिट न करण्याचा. दोन कॉइलच्या जोडाला थेट ग्राउंड करू नका, मध्ये ४.७ के चा रेझिस्टर घाला. साडेचार के ची ग्राउंडकडची कॉइल खालच्या सुरांत साधारण निम्मी शिल्लक राहते आणि वर जाता जाता गळते. भरणा टिकतो, वरचा खड्डा जवळजवळ जातो, घरघर पूर्ण स्प्लिटच्या जवळपास निम्मी. ३.३ ते ६.८ मध्ये कानाने ठरवा.

डाखकाम

रेझिस्टरला पूर्ण पाठिंबा. फक्त जोडणी तपासल्याशिवाय सोल्डर तापवू नका. वायरींचे रंग प्रत्येक उत्पादकाचे वेगळे, दुसऱ्याचा तक्ता बघून जोडलं की हमखास फसतं. मीटर रोधावर ठेवा, शक्यतो काट्याचा. स्क्रूड्रायव्हरचं पोलादी टोक कॉइलच्या पोलवर ठेवून झटकन उचला आणि काटा कुठे उडतो ते बघा. दोन्ही कॉइलवर काटा एकाच दिशेला उडेल अशी लाल-काळी टोकं धरा. लाल टोकाखालची वायर धन. पहिलीची धन आउटपुटला, पहिलीची ऋण दुसरीच्या धनला, दुसरीची ऋण ग्राउंडला. मधल्या जोडावरून टॉगल. एक कॉइल उलटी लागली तर आवाज बारीक, नाकातला होतो आणि घरघर जाण्याऐवजी वाढते. लोक तेव्हा पिकअप खराब म्हणून परत पाठवतात.

पहिली कॉइल म्हणून नेककडची घ्या. स्प्लिटमध्ये तीच शिल्लक राहते, चेंजरकडचीपेक्षा (पेडलने तारा ताणल्या जातात त्या टोकाकडचीपेक्षा) भरीव लागते.

पट्टी_पेडल

बरं. सी सिक्सवर ४.७ के चा रेझिस्टर ठेवायला हरकत घेणार नाही, खड्ड्याचा हिशोब नाकारता येत नाही. ई नाइनवर नाही. तिथे अजूनही भरगच्च वेढ्यांचा सिंगल कॉइलच हवा, आणि "आपोआप मिळतो" हे वाक्य चूकच आहे. शिवाय दोन हात, दोन पाय आणि गुडघे गुंतलेले असताना गाण्याच्या मध्ये टॉगल फिरवणार कोण?

गुडघा_लिव्हर

दोन गाण्यांच्या मध्ये फिरवायचा. पेडल पूर्ण मागे घेऊन, म्हणजे टक् ऐकू येत नाही. आणि पिकअपची उंची सिरीजसाठी तारांपासून ३ मिमीला लावली असेल तर स्प्लिटमध्ये पडलेला आवाज ॲम्पवरच भरून काढा. पिकअप आणखी वर चढवलात तर चुंबक खालच्या तारा ओढायला लागतो आणि बार सरळ असूनही सूर हलतो.