आर्टिस्टिक स्केटिंगच्या ड्रेसवर घाम उठून दिसतो, काय करता येईल?

सिडकोची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी बारा वर्षांची, आर्टिस्टिक रोलर स्केटिंग करते, म्हणजे फिगर स्केटिंगच पण बर्फाऐवजी चाकांवर. यंदा तिच्या आवडीचा आकाशी ड्रेस शिवून घेतला, लायक्राचा, पूर्ण बाह्यांचा. दिसतो फार गोड पण प्रोग्राम अर्धा होईपर्यंत काखेत आणि पाठीवर कमरेच्या जरा वर गडद निळे पट्टे उमटतात, हात वर करून स्पिन घेते तेव्हा तर लांबूनही दिसतात. स्वतःचा व्हिडिओ बघितल्यापासून हात पूर्ण उचलतच नाहीये, कोपर अंगाला चिकटवून ठेवते. काल पाणीपण कमी पीत होती, घाम येऊ नये म्हणून!! नाशिकची ऑक्टोबर हीट, त्यात पत्र्याचा हॉल. स्पर्धा पंधरवड्यावर आलीये, नवीन ड्रेस आता जमणार नाही. आहे त्या ड्रेसला काय करता येईल? पुढच्या वेळी कापड घेताना काय बघायचं? आणि घामाचे मार्क कापतात का?

रिंकवरचा_दादा:
ताई आधी पाण्याचं बोलतो, ते सगळ्यात महत्त्वाचं. तिला सांगा पाणी कमी प्यायल्याने घाम थांबत नाही, उन्हाळी हॉलमध्ये चक्कर येते, पायात गोळे येतात आणि लँडिंग बिघडतं. सरावाच्या आधी, मधे, नंतर थोडं थोडं पाजाच.

मार्क घामाचे कोणी कापत नाही. हात अर्धे राहिले तर मात्र नक्की जातात, सादरीकरणात ते लगेच दिसतं. बर्फावर आयएसयूच्या (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या) नियमात ड्रेसचा किंवा सजावटीचा तुकडा बर्फावर पडला तर 1 पॉइंट वजा होतो. आपल्याकडेही ड्रेसवरचा चमकीचा खडा सुटून चाकाखाली आला की पोरगी पडते, तेव्हा खडे लावाल ते घट्ट लावा. आणि तिला बर्फावरच्या मोठ्या स्केटर्सचे व्हिडिओ दाखवा, सीनियरचा फ्री प्रोग्राम, म्हणजे दोनातला मोठा, साधारण 4 मिनिटांचा असतो, रिंक थंडगार असते तरी शेवटी पाठ भिजलेली असते त्यांची, कारण उष्णता बाहेरून नाही स्नायूंमधून येते. ती काहीतरी चुकीचं करतेय असं तिला वाटता कामा नये.

सुईदोरा:
मी डान्सचे आणि स्केटिंगचे ड्रेस शिवते, म्हणून सविस्तर लिहिते.

आकाशी, राखाडी, फिकट गुलाबी, मोरपंखीची फिकी छटा, हे सगळ्यात वाईट. कापड ओलं झालं की धाग्यांमधली हवेची जागा पाणी घेतं, प्रकाश कमी परततो आणि तेवढा भाग गडद दिसतो. काळ्या किंवा नेव्ही ब्लूमध्ये गडद व्हायला जागाच नसते. पांढऱ्यावर पट्टा कमी दिसतो पण ओलं पांढरं पारदर्शक होतं, आतून अस्तर हवंच. प्रिंट, दोनरंगी शेड, टिकल्या यात ओलाव्याची कड हरवून जाते. पुढच्या वेळी दुकानात बोट पाण्यात बुडवून कापडावर दाबा आणि हातभर लांब धरून बघा, तिथल्या तिथे कळतं. मेन रोडला मनासारखं नाही मिळालं तर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला मंगळदास मार्केटला एक चक्कर मारा, लेस-टिकल्यांना भुलेश्वर.

आता या ड्रेसचं. टेलरला सांगा काखेतलं कापड उसवून तिथे स्किन कलरच्या स्ट्रेच जाळीचा चौबगला, म्हणजे काखेतला जोडतुकडा, बसवायचा. जाळीतून हवा जाते, आणि घाम आला तरी खाली त्वचाच दिसते, पट्टा उठत नाही. शिवाय हात मोकळा उचलला जातो, ड्रेस वर ओढला जात नाही. पाठीसाठी असं करा, एक पूर्ण प्रोग्राम करून घ्या आणि ड्रेस काढल्या काढल्या ओलाव्याच्या कडेकडेने लाल दोऱ्याने कच्चे टाके घाला. वाळल्यावर बरोब्बर नकाशा हातात येतो. त्या भागावर गडद निळ्या-चंदेरी टिकल्या किंवा जाळीवर केलेली वेल शिवा, कडेला विरळ करत न्या म्हणजे मुद्दाम केलेली डिझाइन वाटते. फॅब्रिक पेंट लावणार असाल तर आत पुठ्ठा घालून कापड ताणून मगच लावा, न ताणता लावलेला रंग अंगात घातल्यावर तडकतो. खडे ई-6000 या गोंदाने चिकटवले तर खिडकी उघडी ठेवून लावा आणि पूर्ण सुकायला दोन-तीन दिवस द्या.

गंगापूररोडकर:
माझाही मुलगा स्केटिंग करतो म्हणून लिहितोय. काखेत चिकटवायचे स्वेट पॅड घेऊ नका, ऑफिसच्या शर्टाला ठीक आहेत, इथे हात वर गेला की सुटतात. नुसता डिओ वासासाठी असतो, घाम कमी करायला अँटीपर्स्पिरंट लागतं, त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीचं तोंड तात्पुरतं बंद करतात. रात्री झोपताना कोरड्या काखेत लावलं तर जास्त उपयोग होतो. बारा वर्षांची आहे तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. आजीची तुरटी पण याच जातीतली, पण तिने खाज सुटली तर लगेच बंद. पावडर नको, गडद भागावर पांढरे ओघळ येतात.

आणि ड्रेस शेवटच्या क्षणी घालायचा, वॉर्म-अप सुती टीशर्टमध्ये.

सिडकोची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. दादा तुमचं वाचून दाखवलं तिला, समोर बसून दोन ग्लास पाणी प्यायली. चौबगल्यासाठी उद्याच शालिमारच्या टेलरकडे जाते. सुईदोरा ताई, टिकल्या शिवल्यावर ड्रेस धुवायचा कसा? रोज सरावाला नाही घालत पण घाम तर लागणारच.

सुईदोरा:
घरी आल्या आल्या उलटा करून गार पाण्यात सौम्य लिक्विडने हाताने धुवा, बॅगेत ओला कोंबून ठेवू नका, वास तिथेच धरतो. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा वाळवायचा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, लायक्रा ढिला पडतो. आणि जाळी घेताना तिच्या रंगाशी दिवसाच्या उजेडात जुळवून बघा, तिला सोबत न्या.