वातावरण तापलंय म्हणून रिटायरमेंटच्या पैशांची सोन्या-चांदीची बिस्किटं, नाणी घ्यावीत का?

मुळशीपार:
बाबा ३१ डिसेंबरला रिटायर झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून चाळीसेक लाख हातात आलेत. मी म्हटलं काही एफडी, काही सीनियर सिटिझन स्कीम, ठरावीक काळाने व्याज येत राहील. तर बाबा म्हणतात अर्ध्याचं सोनं घे, आणि दागिने नकोत, मजुरी फुकट जाते, चोवीस कॅरेटची बिस्किटं आणि नाणी घे, थोडी चांदीपण. कारण विचारलं तर टीव्हीकडे बोट. ट्रम्पचं टॅरिफ, युक्रेन, इराण-इस्रायल, रुपया नव्वदीला टेकला, सगळं जग पेटलंय आणि तू एफडी करतोस! एप्रिल २०२५ ला तोळा लाखावर गेला तेव्हापासून तर रोज सकाळी भाव वाचून दाखवतात आणि वर "मी तेव्हाच म्हणत होतो" आहेच. (तेव्हा म्हणजे केव्हा ते विचारायचं नाही.) आई मध्ये पडत नाही. मला भांडण नकोय पण वीस लाखाची बिस्किटं कपाटात ठेवून झोप कशी लागणार? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तोळामासा:
बाबा बरोबर आहेत, ऐका त्यांचं. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाची तीनशे अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी पाश्चात्त्यांनी गोठवली, एका सहीने. म्हणजे पैसा आपला पण चावी दुसऱ्याकडे. त्यानंतर जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी सलग तीन वर्षं दरवर्षी हजार टनावर सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेने तर इंग्लंडमध्ये ठेवलेलं शंभर टन सोनं घरी आणलं. ही लोकं वेडी आहेत का? आणि १९९१ आठवा, देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरलेले तेव्हा अब्रू कशाने वाचली, शेअरने की एफडीने? विमानात घालून सोनं पाठवलं तेव्हा कर्ज मिळालं.

कागदीघोडा:
तोळामासा, रिझर्व्ह बँकेला मुलीचं लग्न नसतं आणि गुडघ्याचं ऑपरेशनपण नसतं हो. देशाचं लॉजिक रिटायर्ड माणसाला कशाला लावताय.

आकडे बघा. २०१२ ला तोळा साधारण एकतीस हजार होता, २०१८ लाही साधारण तेवढाच. सहा वर्षं शून्य. चांदीचं तर विचारूच नका, एप्रिल २०११ ला सत्तर हजारावर गेलेली किलो नंतर निम्म्यावर आली आणि तो भाव परत दिसायला २०२० उजाडलं. तुमचे बाबा आत्ता साठ. साठाव्या वर्षी नऊ वर्षं थांबायची तयारी आहे का हा प्रश्न त्यांना विचारा, ट्रम्पचं राहू द्या.

आणि घ्यायचंच असेल तर नाणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. घेताना तीन टक्के जीएसटी, शिवाय पॅकिंग आणि नावाचा प्रीमियम वेगळा. बँकेने विकलेलं नाणं बँक परत घेत नाही, हे बँकेतला माणूस विकताना सांगत नाही. मी स्वतः फसलोय. २०१३ ला अक्षय्य तृतीयेला दहा ग्रॅमचं नाणं घेतलं, प्लास्टिकच्या कार्डात सीलबंद, सर्टिफिकेट वगैरे. दोन वर्षांनी विकायला गेलो तर काउंटरवरची बाई माझ्याकडे असं बघायला लागली जसं काही मी तिला जुनी रद्दी विकायला आलोय. सराफाकडे गेलो, त्याने पहिल्यांदा कार्ड फाडलं, कसावर घासलं आणि वर घट काढली. नऊशे नव्व्याण्णवचं सोनं! घट कसली? तर म्हणे आमची पद्धत आहे.
गोल्ड ईटीएफ घ्या, म्हणजे शेअर बाजारात मिळणारं कागदी सोनं. विषय संपला.

खोचक:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
मला एकच शंका. जग खरंच पेटलं, बँका बंद, नेट बंद, तर शंभर ग्रॅमचं बिस्किट घेऊन मंडईत गेल्यावर भाजीवाला सुट्टे देणार का? 😄

तोळामासा:
खोचकराव, दंगलीत भाजी घ्यायला सोनं नसतंच, नंतर उभं राहायला असतं. नोटाबंदीला काय झालं? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठनंतर सराफाच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या त्या तुम्हीही बघितल्या असतील. खिशातला कागद एका भाषणात रद्द होतो. सोनं रद्द करून दाखवा.

खोचक:
दाखवलंय की. १९६३. मोरारजीभाई. सुवर्णनियंत्रण.

तोळामासा:
ते नका काढू, आमच्या घरातली जखम आहे ती.

नाही, काढलंच आहे तर सांगतो. आमचे आजोबा कारागीर होते, स्वतःचं दुकान नाही, सराफाच्या माडीवर बसून ठुशी, वज्रटीक, मोहनमाळ घडवायचे. ६२ ला चीनचं युद्ध झालं, बायकांनी संरक्षण निधीला अंगावरचं सोनं काढून दिलं, आणि जानेवारी ६३ ला नियम आला की चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायचेच नाहीत. आता चौदा कॅरेटचं सोनं म्हणजे काय हे ज्याने हातोडी धरलीय त्याला विचारा, ते बावीससारखं वळत नाही, कडक, तार ओढताना तुटतं, आणि गिऱ्हाईक तर बघतही नाही. माडी रिकामी झाली. आजोबांनी दीड-दोन वर्षं सायकलची पंक्चरं काढली, वडील ती गोष्ट सांगताना अजून थांबतात. नंतर बावीस कॅरेटला सूट मिळाली, पण ६८ ला पुन्हा कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत होता.

पण एवढं होऊनही घरातलं सोनं गेलं नाही हो कुणाचं! लपवलं लोकांनी. आज तेच नातवंडांच्या अंगावर आहे.

खोचक:
आजोबांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. टवाळी मागे घेतो.
पण मुद्दा मागे घेत नाही. ६८ च्या कायद्यात बंदी कशावर होती? लगड आणि बिस्किटांवर. दागिन्यांवर नाही, ते ठरावीक वजनाच्या वर असतील तर फक्त जाहीर करायचे. म्हणजे सरकारला सोनं हवं झालं की पहिला हात बिस्किटावर पडतो, मंगळसूत्रावर नाही, कारण मंगळसूत्राला हात लावला तर सरकार पडेल. २०१६ लाही आयकर खात्याने छाप्यात जप्त न करायची मर्यादा सांगितली (विवाहितेला ५००, अविवाहितेला २५०, पुरुषाला १०० ग्रॅम), तीही दागिन्यांची. बाबा म्हणतायत मजुरी फुकट जाते म्हणून बिस्किट घे. राजकीय भीती हेच कारण असेल तर बिस्किट ही सगळ्यात चुकीची वस्तू आहे!

आजीचा_बटवा:
सगळे पुरुष भाव आणि कायदा बोलतायत म्हणून लिहिते. मी सोनं विकलेलं नाही, गहाण टाकलंय. लॉकडाऊनला ह्यांचं वर्कशॉप तीन महिने बंद, सहा माणसांचे पगार. माझे बिलवर आणि पाटल्या घेऊन गेले. मूल्यांकन करणारा माणूस काळ्या दगडावर घासतो, थेंब टाकतो, वजन करतो, अर्ध्या तासात पैसे खात्यावर. सोडवून आणल्या चौदा महिन्यांनी. त्याच दिवशी तिथे एक काका शंभर ग्रॅमचं बिस्किट घेऊन आलेले, बिल होतं, सगळं होतं. त्यांना नाही म्हणाले. बिस्किटावर कर्ज देतच नाहीत. काका बिचारे परत परत विचारत होते की अहो माझं तर यांच्यापेक्षा शुद्ध आहे ना!

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२६ पासूनच्या सोनेतारण कर्जाच्या नव्या नियमांतही तेच आहे. दागिने चालतात, सोन्याची नाणी पन्नास ग्रॅमपर्यंत, चांदीची नाणी अर्धा किलोपर्यंत. बिस्किट नाही. आणि कागदीघोडा, तुमच्या ईटीएफवरपण नाही. तेव्हा अडीनडीला उपयोगी पडणारं सोनं म्हणजे माझ्या हातातलं, ज्याला तुम्ही सगळे मजुरी फुकट म्हणताय.

कागदीघोडा:
बटवाताई, तुमचा मुद्दा मान्य, पण ईटीएफवर कर्ज लागतंच कशाला, पाच मिनिटांत विकता येतं. तुमच्या पाटल्या विकवत नाहीत म्हणून गहाण टाकाव्या लागतात, तो भावनेचा खर्च आहे.

आजीचा_बटवा:
विकवत नाहीत म्हणूनच शिल्लक राहिल्या. तुमचे ईटीएफ लॉकडाऊनमध्ये शिल्लक राहिले का?

कागदीघोडा:
...नाही. मार्च २०२० ला विकले. पास.

तोळामासा:
😂😂 शिवाय २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चांदीच्या फंडांनी काय केलं ते पण सांगा की यांना. ऐन धनत्रयोदशीच्या तोंडावर एकरकमी पैसे घेणं बंद! लागेल तेव्हा दार बंद, हाच तो कागद.

कागदीघोडा:
अर्धवट सांगू नका. नवीन पैसे घेणं बंद केलं, विकणाऱ्याला कुणी अडवलं नव्हतं. चांदीचा तुटवडा होता, इथला भाव जगाच्या भावापेक्षा बराच वर गेलेला, त्या फुगलेल्या भावाला घेऊ नका म्हणून थांबवलं. तुमच्या सराफाने थांबवलं का कुणाला? त्याने रांगेतल्या प्रत्येकाला हसत हसत शिक्का विकला आणि दिवाळी सरायच्या आत भाव धाडकन खाली.

तोळामासा:
आणि डिसेंबरात दोन लाखाच्या वर! ते नाही सांगत.

कागदीघोडा:
हेच म्हणतोय मी. दोन महिन्यांत असं खाली-वर होणारी वस्तू "सेफ" कशी?

राणीछाप:
उशिरा आलो. गेली बावीस वर्षं जुनी नाणी जमवतो म्हणून फक्त नाण्यांपुरतं बोलतो, बाकी तुमचं चालू द्या.

"चांदीची नाणी" म्हणताना बाबांच्या डोक्यात राणीछाप रुपये असतील तर जरा थांबा. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, जवळपास ९२ टक्के चांदी. म्हणूनच जुनी माणसं बंदा रुपया म्हणायची, टाकला की खणकन वाजायचा. पण युद्ध आलं. १९४० ला लोकांनी घाबरून रुपये घरात दडवायला सुरुवात केली, बाजारात नाणी दिसेनात, सरकारने एक रुपयाची नोट काढली (पहिल्या महायुद्धातही, १९१७ ला, हेच केलेलं) आणि रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. म्हणजे सहाव्या जॉर्जचा १९४० ते ४५ चा रुपया दिसायला तोच, वजन तेच, चांदी अर्धी. ४७ चा तर निव्वळ निकेल, मागे वाघ आहे तोच. तो चुंबकाला चिकटतो, करून बघा. थोडक्यात लोकांनी घाबरून जे दडवायला घेतलं त्यातलं सत्त्व सरकारने त्याच वेळी काढून घेतलेलं.

शिवाय बाजारात नकली रुपयांचा सुळसुळाट आहे, विशेषतः देवीचं किंवा रामाचं चित्र असलेले "ईस्ट इंडिया कंपनीचे दुर्मीळ नाणे", असे रुपये कंपनीने कधी पाडलेच नाहीत. टांकसाळीचे स्मारक नाणे म्हणून जे सेट मिळतात त्यात पैसे टाकायचे तर हौस म्हणून टाका, धातूच्या किमतीपेक्षा बरंच जास्त मोजावं लागतं आणि उलट घेणारा शोधावा लागतो. माझ्याकडे आहेत, आवडतात, म्हातारपणाची सोय म्हणून नाहीत.

खोचक:
+१. धाग्याचं सार्थक झालं.

मुळशीपार:
सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना आख्खा धागा वाचून दाखवला. आजोबांच्या चौदा कॅरेटवाल्या प्रतिसादाला गप्प झाले, आमच्याही नात्यात एक काका तेव्हा धंदा सोडून गिरणीत लागलेले म्हणे, मला माहीतच नव्हतं. बिस्किटावर कर्ज नाही हे त्यांना अजिबात पटलेलं नाही, आज स्वतः जाऊन दोन ठिकाणी विचारून आले, दोन्हीकडे नकार, त्यामुळे चिडलेत. तूर्त तह असा की चार लाखाचं सोनं, त्यातलं निम्मं कागदी, निम्म्याच्या आईला बांगड्या (आई लगेच मध्ये पडली 🙂), बाकी माझं ऐकणार. वीसावरून चारावर आलेत, मी जास्त ताणत नाही.

मात्र राणीछाप, तुमच्यामुळे नवीन उद्योग सुरू झालाय. फ्रिजवरचं चुंबक काढून लक्ष्मीपूजनाच्या डब्यातले आजीचे रुपये तपासतायत. अकरा आहेत. सात जॉर्ज, त्यातले पाच १९४४-४५ चे, म्हणजे अर्धेच. दोन राणीचे चांगले वाटतायत. एक चुंबकाला टपकन चिकटला, मागे वाघ आहे, आणि बाबा मान्य करायला तयार नाहीत, म्हणतात आजीने सांगितलेलं अस्सल चांदी म्हणून.

राणीछाप:
वाघ म्हणजे सत्तेचाळीस. निकेल. देवातच ठेवा, आणि आजीचं नाव घेऊन वाद घालू नका त्यांच्याशी.
राणीच्या दोनचा फोटो टाका, साल दिसेल असा.