मोठी गाडी मागे घेताना : मागच्या कॅमेऱ्याचे आपले अनुभव

धागाकर्ता :

परवा पहाटे ट्रक फलाटाला लावत असताना पडद्याच्या उजव्या कडेला अचानक एक हात दिसला. माणूस दिसला नाही, फक्त कोपरापर्यंतचा हात दिसला. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून पाहिले, तर आमचाच सहकारी ताडपत्रीची निसटलेली दोरी उचलण्यासाठी मागच्या दाराखाली वाकला होता. दोन्ही आरशांत तो नव्हता आणि असणे शक्यही नव्हते, कारण बंद बॉडीच्या ट्रकमध्ये बरोबर मागची जागा कोणत्याच आरशात येत नाही. दोरी बांधून तो पुढच्या कामाला लागला. मी मात्र केबिनमध्ये येऊन बराच वेळ स्टीअरिंग धरून बसलो होतो, कारण मला सोळा वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली.

तेव्हा माझ्या गाडीला कॅमेरा नव्हता. मागे उभा राहून हात दाखवणारा सहकारी आरशातून दिसेनासा झाला, आणि त्याचा आवाज आला नाही याचा अर्थ रस्ता मोकळा आहे, असा मी घेतला. गाडी जेमतेम हातभर मागे गेली असेल. त्याच्या पायाचा पंजा चाकाखाली सापडला. तो वाचला, परंतु त्या कामावर पुन्हा आला नाही. मी आरशातच पाहत होतो, असे मी त्या वेळी सर्वांना सांगितले आणि ते खरेही होते. दिसेनासा झालेला माणूस कुठे गेला, हे पाहण्यासाठी मी खाली उतरलो नाही, एवढेच मी सांगितले नव्हते.

आपल्यापैकी जे मोठी वाहने चालवतात, दुरुस्त करतात किंवा त्यांच्या आसपास काम करतात, त्यांनी कॅमेऱ्याने काय वाचवले आणि कुठे फसवले, ते कृपया लिहावे.

टिपरचालक :

आमच्याकडे अडचण चिखलाची आहे. खाणीतून तिसरी खेप होईपर्यंत पडद्यावर तपकिरी रंगाशिवाय काहीही उरत नाही. पुढचा कॅमेरा तुलनेने स्वच्छ राहतो आणि मागचा लगेच माखतो याचे मला सुरुवातीला नवल वाटायचे. नंतर लक्षात आले की उभ्या बॉडीची गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, आणि चाकांनी उडवलेली धूळ व पाणी गोल फिरून मागच्या बाजूलाच येऊन बसते. त्यामुळे मी केबिनमध्ये पाण्याची बाटली आणि मऊ फडके कायम ठेवतो, आणि माल ओतायच्या जागेवर पोहोचलो की मागे घेण्याआधी उतरून काच पुसतो. कोरड्या फडक्याने पुसू नये, वाळूच्या कणांनी काचेवर ओरखडे पडतात आणि मग उन्हात सगळे चित्र धुरकट दिसते.

उतरण्याचा दुसरा फायदाही सांगतो. कडेचा मातीचा बांध कॅमेऱ्यात दिसतो, पण त्या बांधाजवळची जमीन भुसभुशीत झाली आहे का, तिला भेग गेली आहे का, हे त्यात दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात काच पुसायला उतरलो तेव्हा बांधाच्या अलीकडे बोटभर रुंद भेग दिसली. पडद्यावर तीच जागा सपाट आणि सुरक्षित वाटत होती. मी माल वीस पावले अलीकडे ओतला.

एक वाचक :

धागाकर्ते, वाचून अंगावर काटा आला. त्या सहकाऱ्यांची आता काय खबर?

धागाकर्ता :

चालतात, पण थंडीत पाय दुखतो असे म्हणतात. नव्या गाडीला कॅमेरा बसवल्यावर पहिला फोन मी त्यांनाच केला होता. त्यांनी विचारले, “पडदा काळा झाला तर काय करणार?” मी म्हणालो, “उतरणार.” ते म्हणाले, “मग ठीक आहे.”

टिपरचालक, भेगेचा अनुभव लिहिलात हे फार चांगले केलेत.

वाहनांचे वायरिंग करणारा :

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ कॅमेऱ्यात नसते, जोडणीत असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बऱ्याच अवजड ट्रकांची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते, आणि मोटारीसाठी बनवलेला कॅमेरा १२ व्होल्टचा असतो. तो थेट रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेला जोडला की कधी लगेच जळतो, तर कधी काही दिवस चालून नेमक्या गरजेच्या वेळी बंद पडतो. दोन्ही दाबांवर चालणारा संच घ्यावा किंवा मध्ये योग्य परिवर्तक बसवावा.

दुसरी गोष्ट अशी की कॅमेऱ्याचा वीजपुरवठाच रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतला, तर गिअर पडल्यावर आधी कॅमेरा सुरू होतो, मग चित्र येते, आणि घाईतला चालक तेवढ्यात गाडी हलवून मोकळा होतो. कॅमेऱ्याला इंजिन सुरू असताना कायम वीज मिळावी आणि रिव्हर्सची तार फक्त पडदा बदलण्याच्या इशाऱ्यापुरती वापरावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. पाण्याच्या बाबतीत आयपी ६७ म्हणजे उपकरण १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकते, पण गाड्या धुण्याच्या जोरदार गरम फवाऱ्यासाठी आयपी ६९के हा वेगळा दर्जा आहे. ज्या गाड्या रोज प्रेशरने धुतल्या जातात, त्यांच्यासाठी दुसरा दर्जा पाहूनच कॅमेरा घ्यावा. तरीही पाणी बहुधा कॅमेऱ्यात न शिरता जोडाच्या टोकाशी शिरते, तेव्हा तो जोड बॉडीच्या आत घ्यावा.

गोदामात काम करणारी :

मी ट्रक चालवत नाही. मी ट्रकच्या मागे उभी असते, म्हणून तिकडची बाजू लिहिते.

फलाटावर एका वेळी चार-पाच गाड्या मागे येत असतात आणि सगळ्यांचा टींटीं आवाज एकसारखा असतो. नेमकी कोणती गाडी हलते आहे, हे कानांना कळत नाही, आणि दिवसभर तोच आवाज ऐकून मन त्याकडे लक्ष देणेच सोडून देते. काही नव्या गाड्यांचा इशारा फसफसल्यासारखा येतो, तो कुठून येतो आहे ते लगेच ओळखता येते, आणि तो मला फार बरा वाटतो.

कॅमेरे आल्यापासून आमच्याकडे एक बदल झाला, तो मला काळजीचा वाटतो. पूर्वी चालक खिडकीतून डोके काढून “ताई, येऊ का?” असे विचारायचे, आता काही जण पडद्याकडे पाहून सरळ येतात. त्यांना मी दिसते, असे ते सांगतात. परंतु मी त्यांना दिसते आहे, हे मला कुठून कळणार? फलाटाची भिंत आणि ट्रकचे दार यांच्यामधली जागा आक्रसत जाताना मागे सरायला जागा नसते. आता आम्ही असे ठरवले आहे की गाडी मागे येताना मी एकाच ठरलेल्या जागी, चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेन अशी उभी राहते, आणि मी आरशातून नाहीशी झाले की पडद्यावर काहीही दिसत असले तरी गाडी थांबते. धागाकर्त्यांचा अनुभव वाचून हा नियम योग्यच आहे याची खात्री पटली.

ट्रेलरचालक :

ताईंच्या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझी अडचण जरा निराळी आहे. लांब ट्रेलरला कॅमेरा ट्रेलरच्या शेपटालाच हवा, कारण पुढच्या गाडीच्या पाठीवर लावलेल्या कॅमेऱ्याला ट्रेलरची भिंत सोडून काहीच दिसत नाही. ट्रेलर मात्र बदलत राहतात. म्हणून मी बिनतारी कॅमेरा घेतला, जो सोबत नेता येतो.

एके रात्री मी ट्रेलर आवारात मागे घेत होतो. पडद्यावर मोकळी जागा आणि दूर एक दिव्याचा खांब इतके स्वच्छ दिसत होते की मी निर्धास्त होतो. थोड्या वेळाने जाणवले की मी मागे जात असूनही खांब जवळ येत नाही. चित्र गोठले होते. बिनतारी संदेश तुटला होता आणि पडदा शेवटचे चित्र तसेच धरून बसला होता. उतरून पाहिले तर मागे दुसऱ्या कोणाचा तरी रिकामा ट्रेलर उभा होता आणि दोघांत दोन हातांचे अंतर उरले होते. बंद पडलेला पडदा निदान आपण बंद आहोत हे सांगतो, गोठलेला पडदा ते सांगत नाही. तेव्हापासून पडद्यावर काहीतरी हलते आहे का, हे मी आधी पाहतो. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदकाटा किंवा वेळ उमटण्याची सोय असेल तर ती सुरू ठेवावी.

वाहनांचे वायरिंग करणारा :

ट्रेलरचालक, आपला संच २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असावा. वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतात, आणि मध्ये लांबलचक धातूची बॉडी असते, त्यामुळे संदेश तुटणे साहजिक आहे. ठरावीक ट्रेलरच वापरत असाल, तर प्रत्येक ट्रेलरमध्ये कायमची तार टाकून मधल्या जोडासाठी गुंडाळीची केबल वापरावी. पहिला खर्च वाढतो, पण चित्र गोठत नाही.

चालक-प्रशिक्षक :

नव्या चालकांना शिकवताना मी पहिले काही दिवस पडदा झाकून ठेवतो. त्यामागे कॅमेऱ्याविषयी अढी नाही. पडद्याची सवय आधी लागली, की नजर तिथेच खिळते, आणि गाडीचे नाक विसरले जाते. स्टीअरिंग वळवून मागे जाताना ट्रकचा पुढचा कोपरा विरुद्ध बाजूला बाहेर झेपावतो. माझ्या एका शिकाऊ चालकाने मागची बाजू अत्यंत सुबकपणे लावली आणि त्याच वेळी पुढच्या कोपऱ्याने शेजारच्या गाडीचा आरसा तोडला. डावा आरसा, उजवा आरसा, पडदा, पुन्हा डावा आरसा, अशी नजर फिरती हवी.

अंतराचा अंदाज हाही मोठा विषय आहे. रुंद कोनाच्या भिंगातून वस्तू लहान आणि लांब भासते. आम्ही गाडीमागे १, २ आणि ३ मीटरवर शंकू ठेवतो आणि पडद्यावर त्या जागी पट्ट्या चिकटवतो. मात्र त्या पट्ट्या फक्त जमिनीवरच्या वस्तूंसाठी खऱ्या असतात. हवेत पुढे आलेली लोखंडी सळई किंवा फलाटाची बाहेर आलेली कड त्या पट्ट्यांच्या हिशेबापेक्षा पुष्कळ जवळ असते, आणि छपराची तुळई तर चित्रात येतच नाही.

कॅमेरा बदलल्यावर चित्र आरशासारखे उलटलेले आहे ना, हेही तपासावे. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र मुद्दाम उलटवलेले असते, म्हणजे गाडीच्या उजवीकडची वस्तू पडद्यावरही उजवीकडे दिसते. दुरुस्तीनंतर ही मांडणी बदललेली राहिली, तर चालक नेमका अडथळ्याकडे स्टीअरिंग वळवतो.

कायद्याबद्दल पुष्कळांचा गैरसमज आहे, म्हणून लिहितो. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या वाहनांना मागचे दृश्य दाखवणे सक्तीचे आहे आणि रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र यावे लागते, परंतु तो नियम साधारण ४,५३६ किलोपर्यंतच्या वाहनांपुरता आहे, अवजड ट्रक त्यात येत नाहीत. युरोपीय संघात मात्र जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारी, बस आणि ट्रक यांना मागचा अडथळा कळवणारी यंत्रणा लागते. बाकी ठिकाणी जुन्या गाड्यांना कॅमेरा लावायचा की नाही, हे बहुतेक वेळा मालकाच्या मनावर अवलंबून असते.

कचरागाडीचालक :

प्रशिक्षकांनी अमेरिकेचा उल्लेख केला, त्या कायद्यामागे दोन वर्षांचा एक मुलगा आहे. घरासमोर वडील गाडी मागे घेत असताना तो गेला, आणि २००८ साली झालेला कायदा त्याच्या नावाने ओळखला जातो. मी ते वाचले तेव्हा दोन दिवस कामात मन लागले नव्हते, कारण अरुंद गल्ल्यांत आमच्या गाडीमागे मुले धावत येतात.

आमच्या पहिल्या गाडीचा कॅमेरा बंपरजवळ होता. त्यातून लांबचे चांगले दिसायचे, पण गाडीला चिकटून उभे असलेले लहान मूल कडेला पुसटसे दिसायचे. तोच कॅमेरा वर, बॉडीच्या वरच्या कडेला, खाली झुकवून बसवला, तेव्हा बंपरची कड आणि त्यामागची जमीन एकत्र दिसू लागली. पडद्याच्या तळाशी स्वतःच्या बंपरची पट्टी दिसलीच पाहिजे, नाहीतर कॅमेऱ्याचा कोन चुकला आहे, असे मी सांगेन. तसा कॅमेरा बसवल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात एक मुलगी चेंडू घ्यायला वाकलेली दिसली. चेंडू मीच उचलून दिला आणि तिला घराच्या पायरीपर्यंत सोडून आलो.

नवा चालक :

एक शंका आहे. रात्री माझा पडदा इतका उजळतो की त्यानंतर आरशात काहीच दिसत नाही, आणि कॅमेऱ्यातले चित्र पांढरे-काळे होते. हा बिघाड आहे का?

वाहनांचे वायरिंग करणारा :

पांढरे-काळे चित्र हा बिघाड नाही. अंधारात भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे लागतात आणि त्या प्रकाशात रंग दिसत नाहीत. चमकदार पट्ट्यांचे जाकीट घातलेला माणूस त्यात नुसता पांढरा डाग दिसू शकतो, तेव्हा अशा डागाला दिव्याचे प्रतिबिंब समजू नका. पडद्याचा उजेड कमी करण्याचे बटण बहुतेक संचांत असते, रात्री तो अगदी मंद ठेवा. पडदा शक्यतो आरशाच्या दिशेलाच बसवा, म्हणजे नजर फार फिरवावी लागणार नाही.

नवा चालक :

आभारी आहे. पडदा सध्या पायाजवळ, खाली आहे. उद्याच वर बसवून घेतो आणि शंकू ठेवून पट्ट्याही लावतो.

धागाकर्ता :

पट्ट्या लावताना कोणाला तरी मागे उभे करा आणि तो वाकल्यावर, बसल्यावर पडद्यावर कुठे दिसतो, तेही पाहून ठेवा. आम्ही आज दुपारी तेच केले. सहकारी बसला तेव्हा डाव्या कोपऱ्यात त्याची फक्त टोपी दिसत होती, म्हणून कॅमेरा थोडा खाली झुकवला आहे.