सव्वातीन वर्षांच्या मुलासाठी तोल सांभाळायचे घरातले खेळ सुचवा

जास्वंदी:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. ठाण्यात चौथ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. पाऊस सुरू झाल्यापासून खाली खेळणं जवळजवळ बंदच आहे. तो फार धडपडतो असं मला वाटतंय. पळता पळता वळला की पडतो. दोन्ही पायांनी उडी मारतो, पण एका पायावर उभं राहा म्हटलं की लगेच भिंत धरतो. बालवर्गातल्या बाई "याचा तोल कच्चा आहे" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मी रोज त्याला एका पायावर उभं करायला बघते आणि तो रडून पलंगाखाली जाऊन बसतो. बॅलन्स बोर्ड घ्यावा का? घरातल्या घरात काय करता येईल? मनापासून विचारतेय, काळजी वाटतेय.

पिंपळपान:
मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. आधी एक सांगते, तुमचा मुलगा मागे आहे असं या वर्णनावरून अजिबात वाटत नाही. तिसऱ्या वर्षी एका पायावर एक-दोन सेकंद उभं राहता आलं तरी पुष्कळ. चौथ्या वर्षी काही सेकंद, पाचव्याच्या आसपास दहाएक सेकंद. लंगडी तर बहुतेकांना चार-पाच वर्षांची झाल्यावर जमते.

तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरांवर सांभाळला जातो: डोळे, कानाच्या आतल्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, आणि तळपाय-घोटे-गुडघे. म्हणून घरात अनवाणी खेळू द्या. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून तर पळू देऊच नका.

आणि ती रोजची परीक्षा बंद करा. त्याला पाय उचलायला काहीतरी कारण द्या. फुगा पायाने उडवायचा. जमिनीवर लोड आडवा टाकून त्याला पाय न लावता ओलांडायचा. चड्डी उभ्यानेच घालायची, सुरुवातीला तुमच्या खांद्यावर हात ठेवून. दिवसातून दोन-तीन वेळा कपडे बदलताना आपोआप एका पायावर उभं राहणं होतं आणि त्याला कळतही नाही. बोर्ड आत्ता नको.

एक युक्ती: हात वरून धरून चालवू नका. दंड वर ओढला की मूल तुमच्या हाताला लटकतं, तोल तुम्हीच सांभाळता. त्याच्या छातीच्या उंचीला फक्त एक बोट पुढे करा, मग काही दिवसांनी बोटाऐवजी ओढणीचं टोक द्या. ओढणी आधार देत नाही, पण मुलाला धीर देते.

ओटीवरची:
अगं, आमच्याकडे पाट होते ना, तेच काढ. तीन-चार पाट हातभर अंतरावर मांड, खाली सतरंजी घाल म्हणजे सरकणार नाहीत. पाट म्हणजे दगड, फरशी म्हणजे नदी. माझ्या नातीला मी मधल्या पाटावर वाटीभर कुरमुरे ठेवून द्यायची, ते घेऊन पलीकडे आजोबांना नेऊन द्यायचे. दुसरं तळ्यात-मळ्यात. एवढ्या लहान मुलाला फसवायचं नाही, हळूहळू म्हणायचं आणि आपणही सोबत उडी मारायची. माझे गुडघे आता उडी मारू देत नाहीत, म्हणून मी नुसती टाचा उचलते. तिला तेवढं पुरतं.

चिंच:
इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. सासरचे वॉकर आणायचा म्हणताहेत, बसून चालवायचा असतो तो. आणू का?

पिंपळपान:
कृपया आणू नका. त्यात मूल लवकर चालायला शिकत नाही, उलट जिन्यावरून किंवा गरम भांड्यापर्यंत क्षणात पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. ती धरून उभी राहायला लागली आणि पावलं टाकू लागली की द्या. टाइल्सवर तो पुढे पळतो, म्हणून त्यावर दोन-तीन किलो तांदळाची पिशवी बांधा आणि सोबत राहा.

पडण्याचीही धास्ती नको. न्यूयॉर्कमधल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावलं मोजली, तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! पडत पडतच चालणं येतं.

खडूची वडी:
मी बालवाडीत शिकवते. आमचा रोजचा खेळ म्हणजे रेघेवरून चालणं. मूळ मॉन्टेसोरी पद्धतीतला: जमिनीवर मोठी लंबगोल रेघ आखायची आणि तिच्यावरून पावलापुढे पाऊल टाकत जायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी गावात मिळेल त्या वस्तूंनी मुलांना शिकवलं. आम्हीही तेच करतो. घरी खडूची रेघ चालेल, फरशीचे सांधेही चालतील.

नुसती रेघ चार दिवसांत कंटाळवाणी होते. मग हातात काहीतरी द्यायचं. आधी झेंडा, म्हणजे नजर पायावरून उठते. मग अर्धा पेला पाणी. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे देवघरातली छोटी घंटी: ती वाजू न देता फेरी पूर्ण करायची. पंधरा मुलांच्या वर्गात त्या वेळी पंख्याचा आवाज ऐकू येतो. वेगात चालणं सोपं असतं, हळू चालणं अवघड, कारण प्रत्येक पावलाला मूल क्षणभर एका पायावर असतं. घाई करू नका, शाबासकीही फेरी संपल्यावरच द्या. मध्येच टाळ्या वाजवल्या की ते आपल्याकडे बघतं आणि तोल जातो.

दूरदेशी:
आम्ही श्टुटगार्टला असतो. इथे दोन-अडीच वर्षांची मुलं पेडल नसलेली सायकल पायाने ढकलत फिरतात. पावसाळा संपला की तुम्हीही विचार करा. सीट इतकी खाली हवी की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील, आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून. बाजूची दोन चाकं लावलेल्या सायकलवर मूल पेडल मारायला शिकतं, तोल मात्र शिकत नाही. आमच्या मुलीला पुढे पेडलची सायकल एका दुपारी जमली.

पिंपळपान:
एक राहिलं. काही गोष्टी दिसल्या तर खेळांवर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा: अठरा महिने होऊनही आधाराशिवाय न चालणं, दोन वर्षांनंतरही कायम चवड्यांवरच चालणं, एकच बाजू कमी वापरणं, किंवा आधी येत असलेली हालचाल येईनाशी होणं. हे शेवटचं असेल तर त्याच आठवड्यात. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक ही तपासणी मोफत करतं.

आणि वेळ किती, असं विचारणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली तासभर तरी दमवणारी. सलग नव्हे, येता-जाता.

जास्वंदी:
सगळ्यांचे खूप आभार. बारा दिवस झाले. पाट माळ्यावरून काढले, तो रोज नदी मांडायला लावतो. चड्डी उभ्याने घालतो, अजून माझा खांदा धरून. पण घंटीने कमाल केली. त्याने स्वतःच खेळ काढला: टेबलाखाली अस्वलाला झोपवतो आणि घंटी घेऊन त्याच्याभोवती फिरतो, अस्वल उठता कामा नये. काल तीन फेऱ्या झाल्या, एकदाच वाजली. मी दारात उभी राहून बघत होते, डोळे भरून आले.

आता प्रश्न उड्यांचा. खालच्या मजल्यावर आजारी काकू आहेत, धपधप आवाज जातो.

खडूची वडी:
गादी जमिनीवर घाला आणि त्याला मांजरासारखं उतरायला सांगा, गुडघे वाकवून, पाऊल न वाजवता. अस्वलाला गादीशेजारीच झोपवा.