अनुभव धागा: घरचा मसाला पाव, कोकणातल्या दमट हवेत

खाडीकाठ
सकाळी पाववाल्याचा भोंगा वाजला आणि भट्टीतल्या कांदा-मिरचीच्या पावाचा जुना वास आठवला. त्यावरून हा धागा. यीस्टचा मसाला पाव घरी भाजणाऱ्यांनी आपली मापं लिहा, काय फसतं आणि का तेही लिहा.

माझं माप: 500 ग्रॅम मैदा, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (साधारण दीड चहाचा चमचा), 9 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम साखर, 30 मिली तेल, 310 मिली पाणी. मसाल्याला एक मोठा कांदा, चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, दहा-बारा कढीपत्त्याची पानं, चमचाभर जिरं, दोन चमचे मालवणी मसाला, चिमूटभर हिंग. पावसाळ्यात पाणी आधी 280 मिलीच घालायचं. डब्यातल्या मैद्यानेच ओल धरलेली असते. उरलेलं पाणी मळताना लागेल तसं.

कांदा कच्चा नको. मीठ लागलं की तो पाणी सोडतो आणि छान मळलेलं पीठ अर्ध्या तासात परातभर पसरतं. मग लोक वर मैदा भुरभुरत राहतात आणि पाव दगड होतो. कांदा बारीक चिरून पाणी आटेपर्यंत परता, पूर्ण गार करा, आणि पीठ दहा-बारा मिनिटं मळून झाल्यावर शेवटी घाला. लसूणही परतूनच, कच्चा लसूण पिठाचा ताण सैल करतो.

पीठ दुप्पट फुगलं की 75-80 ग्रॅमचे बारा गोळे होतात. ते परत फुगू द्या, मग 190 अंशांवर 18 ते 20 मिनिटं.

तिरफळ
पीठ मळून झालं की नाही हे कांदा घालायच्या आधी बघा. लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांनी ताणला की पातळ पडदा व्हायला हवा, पलीकडचा उजेड दिसेल इतका. फाटला तर अजून तीन-चार मिनिटं मळा. कांदा पडल्यावर ही परीक्षा करता येत नाही.

ओटीवरून
कोथिंबीर धुऊन तशीच ओली घालू नका हो! फडक्यावर पसरून कोरडी करा.

माडाखाली
आमच्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात 33-34 अंश असतात. तेव्हा पाककृतींतलं "एक तास फुगू द्या" हे पाळलं तर पीठ आंबट होतं. 35-40 मिनिटांतच दुप्पट होतं. यीस्ट 5 ऐवजी 3 ग्रॅम घ्या आणि पाणी फ्रिजमधलं वापरा. कोमट पाणी हे थंडीतल्या गावांचं गणित, किनाऱ्यावर मे महिन्यात त्याची गरज नाही. आणि यीस्ट कोमट पाण्यात भिजवणार असाल तर बोट सहज टिकेल इतकंच कोमट. 55-60 अंशांच्या पुढे यीस्ट मरतं.

दुसऱ्यांदा फुगवताना बोटाने हलकं दाबा. खळगा सावकाश अर्धा भरला की ओव्हनमध्ये घाला. लगेच भरला तर अजून वेळ आहे. भरलाच नाही आणि वरचा भाग सुरकुतला तर पीठ जास्त फुगलंय. तेव्हा ते भाजायला नेऊ नका, हवा काढून गोळे परत वळा आणि वीस-पंचवीस मिनिटं द्या.

घाटीखालची
ओव्हन नाय तर काय करूचा? कुकरात होता काय ता सांगा.

खाडीकाठ
होतो की. पण नवा कुकर घेऊ नका, कोरडा तापून खराब होतो. जुना जाड बुडाचा टोप घ्या, तळाला दीड वाटी जाडं मीठ, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग पावाचा डबा ठेवून मंद आचेवर 40 मिनिटं. वरून पाव पांढराच राहतो, कारण वरून आच नसते. शेवटी तव्यावर थोडं तूप सोडून वरची बाजू दोन मिनिटं शेका.

घाटीखालची
बरा. तेच मीठ परत वापरला तर चलता?

खाडीकाठ
चालतं. गार करून बरणीत भरा, फक्त भाजण्यासाठीच ठेवा. जेवणात घालू नका.

पाणंद
मालवणी मसाल्यात लवंग-दालचिनी असते आणि दोन्ही यीस्टला मंदावतात. 500 ग्रॅमला दोन चमचे ठीक. चार घातले तर फुगायला वेळ लागतो आणि लोक यीस्टला दोष देतात. जास्त तिखट हवा असेल तर लवंगी मिरचीची पूड घाला, किंवा गोळ्यांवर तेलात कालवलेला मसाला लावा. विकतच्या मसाल्यात मीठ असेल तर पिठातलं मीठ 9 वरून 7 ग्रॅमवर आणा.

तिरफळ
यीस्टचं पाकीट फोडल्यावर काचेच्या बरणीत, फ्रीझरमध्ये. ओट्यावर राहिलं तर इथल्या हवेत लवकर गुठळ्या होतात. शंका आली तर अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते टाकून द्या, मैदा वाया घालवू नका.

ओटीवरून
अय्यंगार बेकऱ्यांतला खारा बन कुणी करतं का? त्यात शेपू असतो तो.

पाणंद
याच पिठात होतो. मालवणी मसाला काढा, तेलाऐवजी 40 ग्रॅम लोणी, वाटीभर चिरलेला शेपू आणि मिरची. शेपूचे देठ घेऊ नका, दाताखाली येतात.

माडाखाली
माडीचं, म्हणजे माडाच्या ताडीचं, कुणी विचारलं नाही म्हणून सांगते. गोव्यात पोदेर (पाववाले) पूर्वी माडीवरच पाव फुगवायचे. घरी करायचं तर त्याच दिवशी उतरवलेली माडी गाळून 150 मिली, तेवढंच पाणी कमी. माडीचा जोर रोज वेगळा, त्यामुळे वेळ सांगता येत नाही, पीठ दुप्पट होईतो थांबायचं. बाजारातली भेसळीची असेल तर करूच नका.

आंब्याची पेटी
मळून ठेवलं आणि लाईट गेली. दोन तास झाले. आता?

तिरफळ
ताई, दाबून हवा काढा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दार उघडू नका. लाईट लवकर येणार नसेल तर वाट बघू नका. लहान गोळे चपटे करून जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सहा-सहा मिनिटं भाजा. आमटीबरोबर मस्त लागतात.

आंब्याची पेटी
केले. मधे थोडे कच्चे राहिले.

तिरफळ
जाड थापलेत. अर्ध्या इंचापेक्षा पातळ हवेत, आणि आच अजून मंद. उरलेले तसेच करा.

खाडीकाठ
टिकवण्याचंही लिहा कुणीतरी. पावसात तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते.

पाणंद
कांदा असलेला पाव दीड-दोन दिवसच धरा. पिठात चमचाभर व्हिनेगर घातलं तर थोडा जास्त टिकतो. त्याऐवजी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालायचं असेल तर आगळातलं मीठ हिशेबात धरा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. साध्या फ्रिजमध्ये पाव उलट लवकर शिळा, कडक होतो. कापून फ्रीझरमध्ये ठेवा आणि थेट तव्यावर टाका.

घाटीखालची
शिळ्या पावाचो चुरो बांगड्याक लावतंय मिया.

ओटीवरून
बांगड्याला रवा-तांदळाचं पीठच बरं हो, चुरा तेल पितो. सुरमईच्या तुकड्यांना चुरा चालतो.

घाटीखालची
सुरमय परवडूक होयी ना!

आंब्याची पेटी
दुसरे झाले, आतून शिजलेत. पण गार करायला जाळी नाही माझ्याकडे.

तिरफळ
पापड भाजायची जाळी दोन वाट्यांवर ठेवा. खालून वारा लागला पाहिजे, नाहीतर बूड ओलं होतं.