बिनवॉकच्या आलेखात शेवटी सपाट रेघ: बाबांचे फोटो गेले का?

सिडकोवासी:
मंडळी, २००३च्या सिंहस्थात बाबांनी रामकुंडावर काढलेले फोटो १२८ एमबीच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर आहेत. बाबा आता नाहीत. कार्ड परवा माळ्यावरच्या डब्यात सापडलं. लॅपटॉपला लावलं की 'फॉरमॅट करा' म्हणतो. मी काही न करता आधी डीडी या कमांडने अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे बाइट-न्-बाइट नक्कल, घेतली आणि तिच्यावर बिनवॉक (डेटात दडलेल्या फाइली शोधणारं साधन) चालवलं. यादीत जेपीईजी १४६ वेळा दिसतंय. बाबांच्या वहीत मात्र ७१ फोटोंचीच नोंद आहे, आणि बाबांची मोजणी चुकत नसे. शिवाय एन्ट्रॉपीचा (बाइट किती विस्कळीत आहेत त्याचा, ० ते १) आलेख साधारण दोन तृतीयांशापर्यंत १ला चिकटून जातो, मग एकदम शून्यावर पडतो तो शेवटपर्यंत. तिथले फोटो पुसले गेलेत का?

पंचवटीकर:
इमेज आधी घेतलीत, फार बरं केलंत. मूळ कार्ड आता बाजूला ठेवा, त्यावर काहीही लिहू नका.

ओझरकर:
ताई, आलेख वाईट नाही. जेपीईजी मुळातच दाबून भरलेला असतो, म्हणून त्याची एन्ट्रॉपी १च्या जवळ असते. शून्य म्हणजे त्या पट्ट्यात सगळे बाइट एकसारखे. एक्सएक्सडीने (बाइट जसेच्या तसे दाखवणारी कमांड) तिथे डोकवा. नुसते ००, नाहीतर नुसते एफएफ दिसले तर बहुतेक तिथवर फोटो पोचलेच नव्हते.

आता आकडा. बिनवॉक एफएफ डी८ एफएफ ही सुरुवातीची खूण शोधतं. कॅमेऱ्याच्या फोटोच्या पोटात थंबनेल (त्याच फोटोची छोटी प्रत) असतं, तोही जेपीईजीच, त्याचीही तीच खूण. म्हणजे १४६चे ७३ झाले. राहिलेले दोन बहुधा डिलीट केलेले असावेत. फॅटमध्ये (अशा कार्डांवरची फाइलींची मांडणी) डिलीट केलं तरी फक्त नोंद रद्द होते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो जागेवरच राहतो.

काढायला मात्र फोटोरेक (हरवलेले फोटो परत काढणारं साधन) घ्या. बिनवॉक बनलंय राउटरसारख्या यंत्रांच्या फर्मवेअरसाठी. फोटो कुठे संपतो ते फोटोरेकला जास्त नीट कळतं.

सिडकोवासी:
एक्सएक्सडीत शेवटपर्यंत एफएफच एफएफ. फोटोरेकने ७३ काढले! वहीशी एकेक ताडून पाहिले, ७१ जुळले. उरलेल्यांपैकी एक नुसता हललेला. दुसऱ्यात गोदाघाटाच्या पायऱ्यांवर पाठमोरी आई आहे, अर्धा पदर फ्रेमबाहेर. आईला आत्ताच दाखवला. ती म्हणते, हा ठेव.